त्या नाताळात गोठा मांडला नाही

पुण्याहून बंगळूरला आलो तेव्हा नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला होता, आणि आम्ही एका कॅथलिक आंटींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आंटी मंगळूरकडच्या, विधवा, निवृत्त शिक्षिका. घरी कोकणी बोलायच्या, त्यामुळे माझं मराठी त्यांना सहज कळायचं. नाताळात त्या पुढच्या खोलीत वाळू, गवत आणि मातीची मेंढरं मांडून येशूच्या जन्माचा गोठा करतात, असं शेजारी सांगायचे. मला तो बघायची फार उत्सुकता होती.

त्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं. तमिळ लोकांची घरं-दुकानं जळायला लागली. एका संध्याकाळी कोपऱ्यावरची तमिळ इस्त्रीवाली नवऱ्याला आणि काखेतल्या मुलीला घेऊन फाटकाशी आली. मी जिन्यातून पाहत होते. आंटी आतून दाराची कडी धरून बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. मग त्यांनी तिघांना आत घेतलं आणि दिवे मालवले.

दंगल थांबली, पण त्यांची झोपडी उरली नव्हती. ते तिघं पुढच्या खोलीतच राहिले. नाताळ तोंडावर आला तेव्हा आंटींचे भाऊ माळ्यावरून गोठ्याची पेटी काढायला आले.

"यंदा नको. जागा नाही," आंटी म्हणाल्या, आणि एकदम थबकल्या. मग हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय झालं, आंटी?"

"अगं, आमच्या गोष्टीत धर्मशाळेचा माणूस हेच म्हणतो, दिवस भरलेल्या मरीयेला. म्हणून बाळ गोठ्यात जन्मलं. जन्मभर मी त्या माणसाला नावं ठेवली."

"आमचा कृष्ण बंदिशाळेत जन्मला," मी म्हटलं, "पण त्याच्यासाठी कुलुपं आपोआप गळून पडली. तुमच्या देवासाठी एक दारही उघडू नये?"

आंटींनी डोळे पुसले. "आमच्यात बहुतेक कडी माणसानंच काढायची असते. त्या दिवशी कडी धरून घाबरून उभी होते, एकही प्रार्थना आठवेना. वाटलं, इतकी वर्षं चर्चला जाऊन श्रद्धा एवढीच? आता वाटतं, घाबरत का होईना, कडी काढली ना, तीच श्रद्धा असेल. नक्की मलाही ठाऊक नाही."

भावाला हे पटलं नाही. सण म्हणजे सण, असं म्हणत त्यांनी पेटीतला फक्त बाळ येशू काढून बुटक्या खिडकीत ठेवला. इस्त्रीवालीच्या मुलीनं रांगत जाऊन तो ओढला आणि त्याचा पाय तोंडात घातला. भाऊ हिसकावून घ्यायला धावले.

"असू दे," आंटी म्हणाल्या. "दात येतायत तिला."

संक्रांतीनंतर ती मंडळी तमिळनाडूत होसूरला नातेवाइकांकडे निघाली. आंटी बसस्टँडपर्यंत पोचवायला गेल्या, मुलीला कडेवर घेऊन. पुढे त्यांचे भाऊ चालले होते, डोक्यावर इस्त्रीवालीची ट्रंक.