वॉर्न या क्रियापदाचं कर्म

त्या सकाळी मी धुळ्यात चहा गाळत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "ताई, त्यासना तारले हात लागना..." त्यांचा हात तारेला लागला होता. माझा थोरला भाऊ, आम्हा सगळ्यांचा नाना, एरंडोलजवळच्या आमच्या गावी केळीला पाणी द्यायला निघाला होता. शेजारच्या सुपडूने रानडुकरांसाठी बांधावरच्या तारेत वीज सोडली होती. डुकरांच्या आधी नाना पोचला.

नाना हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. जन्मभर शिकवून गावात त्याचं नाव पडलं 'वॉर्नसर', कारण दरवर्षी तो या एकाच शब्दापाशी अडायचा. "आपल्याकडे वॉर्निंग देतात म्हणजे धमकी देतात," तो चिडून म्हणायचा. "साफ चूक. ज्याला घाबरवायचं त्याला थ्रेटन, ज्याला वाचवायचं त्याला वॉर्न. आणि नुसतं वॉर्न करता येत नाही बरं का, या क्रियापदाला कर्म लागतं, समोर माणूस लागतो!" मागच्या बाकावर पोरं हसायची, पारावर त्यांचे बाप. मीही चिडवायचे, "नाना, तुझा शब्द विलायतेत नेऊन विक, इथे गिऱ्हाईक नाही." तोही हसायचा. त्याला राग धरता येत नसे, आणि माझा जीव होता तो त्याच्या या भोळसटपणावरच.

पोळ्याच्या सुमारास सुपडूने तारेचं बंडल आणलं. नानाने त्याला भर पारावर गाठलं.

"सुपडू, तारमा करंट सोडू नको, भाऊ. मानूस मरी जाई."

"नाना, तुमी माले वार्निंग दी राह्यनात का?"

आणि माझा भाऊ, हाडाचा मास्तर, खूश होऊन म्हणाला, "हा! वार्निंगच शे!"

गावात कोणीतरी एकदाचा शब्द बरोबर वापरला, असंच त्याला वाटलं असणार... पारावरचे मात्र सुपडूकडे बघत होते, आता हा काय करतो म्हणून. सुपडूने त्याच संध्याकाळी तार जोडली आणि कोणाला सांगितलं नाही. नानाला तर नाहीच. हे सगळं मला पारावरच्यांनीच नंतर ऐकवलं, चवीचवीने.

जामिनावर सुटल्यावर सुपडू रीतीप्रमाणे दुखवट्याला आमच्या दारावर बसायला आला. उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "नाना भला मानूस व्हतात. पन बठ्ठा लोकेसना मोरे माले वार्निंग द्याले नको व्हती." आजूबाजूच्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. जणू सगळ्यांसमोर बोलला, हे चुकलं ते नानाचंच. मी त्याला हाताला धरून उठवलं आणि अंगणाबाहेर काढलं. मला त्याचा द्वेष वाटतो. नानासारखं मन माझ्याकडे नाही आणि मला ते नकोही आहे. नाना असता तर त्याने सुपडूला पुन्हा बसवून दोन शब्दांतला फरक समजावला असता.

परवा मी बांधावर गेले होते. पोलिसांनी जुनी तार नेली, तिथे नवी आली आहे. आता तिच्यावर पाटीही लटकते, लाल रंगात, इंग्रजीत, 'वॉर्निंग', आणि खाली कवटी. कोणाला, कशाबद्दल, काही नाही. नानाच्या भाषेत सांगायचं तर कर्मच नाही. स्पेलिंग तेवढं अचूक आहे. पेंटर नानाचाच विद्यार्थी.