सुनेनं खरं कळवलं तेव्हा

फवारणीच्या औषधाचा वास आला की मला चौसाळ्याकडच्या कापसातली ती सकाळ आठवते. माझ्या सुनेचा फवारणीचा ड्रोन विजेच्या तारेला घासून खाली पडला. कुणाला लागलं नाही, तरी तिनं स्वतःहून सरकारी खात्याला कळवलं. चूक सांगितली तर शिक्षा नाही, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं ना! तपासणीचे साहेब आले, माझ्या हातचा चहा पिऊन म्हणाले, "फार प्रामाणिक आहे हो तुमची सून," अन् तिचा ड्रोन उडवायचा परवानाच घेऊन गेले. शेजारगावचा ड्रोनवाला सुनेला हसून म्हणाला, "वहिनी, माझा तीनदा पडला. काहून सांगितलं वो तुमी?" सगळा हंगाम आमचा ड्रोन गोधडीखाली पडून राहिला. आता परवाना परत आलाय. काल ड्रोन बांधावर आदळला, सुनेनं कळवायला कागद काढला, अन् मीच म्हटलं, "ठेव तो, बाई. कुणाला सांगायचं न्हाई."