बर्फात नारळ कशावर फोडायचा?

स्कीइंगची हौस दादाची. तळोज्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला की तो बर्फाचे फोटो बघत बसायचा. मनालीचा बेत त्यानेच ठरवला आणि त्याच पावसाळ्यात काविळीने गेला. आईने जेवणातलं खोबरं बंद केलं. "तेच्या नावाचो नारळ त्या डोंगरार फुटांदे, मगे बघूया." आमच्या मालवणी घरात हा उपासच. सहा महिने बिनखोबऱ्याची आमटी खाल्ली आणि १९९५ च्या फेब्रुवारीत नेरुळहून निघालो. सोबत दादाचे दोस्त: सोसायटीतला शिरीष आणि शिरवणे गावचा बाळाराम. सराव म्हणून बाळाराम तांदळाची गोणी घेऊन गच्चीपर्यंत जिने चढला होता.

दिल्लीहून मनालीला बस आहे. खिडकीची जागा ज्याला उलटी होते त्याला द्या. आम्ही दिली नाही. स्की आणि बूट तिथेच भाड्याने मिळतात. बूट मोज्यांसकट घालून बघा. आठवडाभर सोलंगच्या उतारावर आम्ही नियमित आपटलो. मग टशी नावाच्या वाटाड्याबरोबर वरच्या डोंगरावर निघालो. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टे लावतात, त्यामुळे मागे घसरायला होत नाही. तरीही शिरीष घसरला. वाटेत एक मुक्काम तंबूत. नारळ गोठू नये म्हणून बाळारामने तो झोपायच्या पिशवीत घेतला.

"बायकोला सांगशील?" शिरीषने विचारलं.

"शेंडीवाली व्हती, इतकाच सांगन."

दुसऱ्या दिवशी दुपारी माथ्यावर पोचलो. मी नारळ काढला आणि आजूबाजूला बघितलं. दगड नव्हता. चहूकडे बर्फच बर्फ.

"आमच्या मिठागरासारका हाय," बाळाराम म्हणाला. "नारल फोडाचा कशावर?"

मी बर्फावर आपटला. नारळ कोपरभर आत गेला. उकरून काढला, पुन्हा आपटला. शिरीषने डोकं पुढे केलं, पण त्यावर लोकरीची टोपी होती. तिसऱ्या खेपेला हातमोज्यातून सुटला आणि उतारावरून सरळ खाली निघाला.

"साब, इसको स्की आती है!" टशी ओरडला.

आम्ही मागे लागलो. टशी स्कीवर, शिरीष पोटावर, मी आणि बाळाराम बसून. आईला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बऱ्याच खाली बर्फातून एकच काळा खडक वर आला होता. नारळ नेमका त्यावर गेला.

दोन भकलं झाली. एवढं जपूनही आत पाणी गोठलेलंच. आम्ही चौघांनी ते बर्फाच्या गोळ्यासारखं चोखलं.

जाणार असाल तर थंडीत जा, घासाघीस करा आणि नारळ नेलात तर दगडही न्या.

खोबरं डब्यातून घरी आणलं. आईने ते हुंगलं. "कोणी फोडलो?"

"कोणी नाही. हातातून निसटून पळाला आणि फुटला."

"मगे तेनांच फोडलो," ती म्हणाली. "न सांगता पळूची सवयच होती तेका."

ती विळी घेऊन बसली. खोबरं थोडं खवट झालं होतं. मी तीनदा भात मागून घेतला.