पोळ्याच्या रांगेतली जीप

मोठी लढाई संपली आणि पलटणीच्या गाड्या लिलावात निघाल्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. बैलांसाठी सरकीची ढेप आणायला मी अकोल्याला गेलो आणि एका मिस्त्रीच्या आवारात जीप पाहिली. काच नाही, गादी फाटलेली, बोनेटात चिमणीचं घरटं, स्टेरिंग डाव्या बाजूला. ढेप राहिली तिथंच, मी जीप घेतली. ती चालत नव्हती. बैलजोडीमागं बांधली आणि मुक्काम करत करत अंजनगावाजवळ आमच्या गावी आणली.

बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"दूध देते काय हे?"

"नाही."

"नांगर ओढते?"

मला राग आला. म्हटलं, "पोळ्याले तोरणाखाली उभी करून दाखवतो."

"नाही केली तं दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याले देतो," बाबा म्हणाले आणि बिडी पेटवून निघून गेले.

मी चौथी नापास माणूस, पण हट्टाला पक्का. अंगणात गोणपाट टाकून इंजिन खोललं. जे काढलं ते ओळीनं मांडायचं आणि त्याच ओळीनं उलटं बसवायचं. रॉकेल आणि विटेनं गंज घासला. अडलं की अकोल्याला मिस्त्रीकडे जायचो, परत आलो की पुन्हा गोणपाटावर. एका दुपारी हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. गल्लीतली कुत्री पळाली, बायको हातातलं पीठ घेऊन तशीच बाहेर आली. मला तर नाचावंसं वाटलं. आजही तो आवाज आठवला की अंगावर काटा येतो.

गावात बातमी गेली. पाटलांनी मला पारावर बोलावलं.

"लोखंडाची पूजा दसऱ्याले असते. पोळा बैलाचा."

"जो ओढते त्याचा पोळा," मी म्हटलं.

"मंग शिंगं कुठी हायेत?"

"तुमच्या मुंड्या बैलालेबी नाहीत, पाटील."

पार हसला. पाटीलही गालात हसले, पण अट घालूनच उठले. "मेलेलं जनावर पोळ्यात येत नाही. बैलामागं बांधून नाही, लोटून नाही. आपल्या पायानं येईन तं येऊ दे."

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांचा लाल रंग उरला तो बंपरला लावला. बोनेटवर झूल टाकली. बायकोनं बैलांचे खांदे मळले तसं तिलाही हळद-लोणी लावलं. एका हँडलात सुरू झाली. पुढं आमची जोडी, मागं मी. मारुतीच्या देवळापाशी ती खोकली आणि बंद पडली.

बोनेट उघडलं. तेलाच्या पंपाचा पडदा फाटला होता, टाकीतलं पेट्रोल वर चढेना. तिकडं तोरणापाशी झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची कवनं, सुरू झाल्या होत्या, आणि एकानं आमच्यावरच झडती टाकली:

"बैल खाये ढेप, गाडी पेये तेल,
पोराच्या नादानं बापाचा खेळ.
हर बोला, हर हर महादेव."

सारी रांग हसली. मी डोकं लावलं. खालून वर येत नाही ना, मग वरून खाली सोडू. टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं, रबरी नळी डब्यात सोडून तोंडानं ओढली. एक घोट पोटात गेला. दुसरं टोक थेट कार्बोरेटरला जोडलं. आता डबा उंच धरणारा माणूस हवा होता. लोक नुसते पाहत होते. गर्दीतून बाबा आले.

"मी धरतो."

"पयले बिडी टाका, बाबा."

माझं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बिडी टाकली, पायाखाली चुरली, आणि सीटवर उभे राहून डबा डोक्यावर धरला. मी हँडल मारलं. लागली.

काय ते चालणं! घुंगरं वाजताहेत, इंजिन धडधडतंय, दोन्ही बाजूंनी माणसं पळताहेत. तोरण जवळ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते बैलांच्या उंचीला बांधलंय.

"बाबा, वाका."

"वाकलो तं बंद पडंन ना?"

"पडंन."

"मंग चाल."

ते वाकले नाहीत. तोरणाची दोरी त्यांच्या कपाळाला लागली, ताणली आणि तुटली. तोरण तोडायचा मान पाटलांचा, आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो. झालं, सगळे बैल घराकडं उधळले. पाटील धोतर सावरत आले.

"माह्या मानाचं तोरण तोडलं तुमी."

बाबांच्या गळ्यात आंब्याची पानं लोंबत होती, डबा अजून वरच. "मानाचं मंग पाहू, पाटील. चालत आली का नाही, ते सांगा."

पाटलांनी जीपकडं पाहिलं. ती चालूच होती.

"आली," ते म्हणाले. "पुढच्या साली बसून या."

मी गाडी घराकडं वळवली तर बाबांनी गुडघ्यानं माझ्या खांद्याला ढोसलं.

"कावून वळवतो? तेल हाय अजून. बाजारातून फिरवून ने."