बद्द वाजणारं मडकं

त्या सकाळी आठ वाजून गेले तरी शेजारच्या बाल्कनीतून मडक्याचा आवाज आला नाही. मी लाटण्याने कठड्यावर तीनदा ठोकलं. काही नाही. मुलाला म्हटलं, अँब्युलन्स बोलव.

नेदरलँड्समध्ये, द हेगला आमच्या शेजारी हा साताऱ्याचा पोरगा एकटा राहायचा. इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांची, कॉप्टिक म्हणतात त्यांची, रंगवलेली मडकी तो सहा वर्षं शिकत होता. मी कुंभाराची मुलगी. ऐकून तोंडावर हसले.

तुम्हीही असे शिकलेले पाहिले असतील. टेबलावर मडक्यांचे फोटो पसरून त्यांवर रंगवलेल्या माशांच्या मोठाल्या डोळ्यांकडे बघत बसायचा आणि तिकडे भात करपायचा. फोटोला बोट लावलं तरी म्हणायचा, "आजी, नुसतं बघा."

"मडकं काय बघायला असतं?"

माझी आई वाळलेलं मडकं एका हाताने फिरवायची, दुसऱ्या हातात गेरूचा कुंचला स्थिर धरायची. पट्टा फिरून टोकाला जुळतो तिथे रंग जाड होतो. हे सांगितलं तेव्हा तो सगळ्या फोटोंत ते टोक शोधत सुटला. सहा वर्षांत दिसलं नव्हतं. लिहितोय त्या पुस्तकात माझं नाव घालतो म्हणाला. मी चौथी शिकलेली, मला त्याचं काय?

मग मातीकामाच्या क्लासला जाऊन त्याने तसं एक मडकं केलं. त्यावरचा मासा बरा होता. मी बोटाच्या पेराने ठोकलं. बद्द वाजलं.

"आत तडा आहे. पाणी टिकणार नाही."

"पाणी कशाला भरू, आजी? दिसतंय कसं बघा ना."

असल्या माणसाशी काय बोलायचं?

कोरोना आधी आमच्या घरात आला. मुलगा, सून, मी, तिघं बरी झालो, मग तो पडला. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, घरी थांब. मी दाराशी डबा ठेवून मागे सरायचे. खोकून त्याचा आवाज बसला, तेव्हा मीच म्हटलं, रोज आठला बाल्कनीत येऊन ते फुटकं मडकं ठोक, म्हणजे कळेल. चार दिवस ते बद्द वाजलं. तसं वाजलेलं मडकं माझा बाप उकिरड्यावर टाकायचा. मी सातपासून कान लावून बसायचे.

पाचव्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून नेताना मी दारात उभी होते. त्याने बाल्कनीकडे बोट केलं, बसलेल्या आवाजात म्हणाला, "मडकं आत घ्या, आजी. पावसाने रंग जाईल."

भट्टीत भाजलेला रंग पावसाने जात नाही. सहा वर्षं शिकून एवढंही ठाऊक नव्हतं. मी मडकं आत घेतलं.

तो परत आला नाही. एकतीस वर्षांचा होता. मी अठ्ठ्याहत्तरची. मी वाचले.