एका विषयासाठी तीन देव

देवाकडे मार्क मागावेत का, हा प्रश्न मला सत्तेचाळिसाव्या वर्षी पडला. ज्या वयात माणसं मुलीसाठी स्थळ मागतात, आईसाठी आयुष्य मागतात, त्या वयात मी अंबाबाईसमोर हात जोडून डेटाबेस या विषयात पास कर म्हणत होतो. शेजारी एखादी बाई पदराने डोळे पुसत असली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मनात म्हणायचो, आई, हिचं आधी ऐक, माझं नंतर बघ. आणि लगेच पुढे जोडायचो, पण फार नंतर नको.

मंगळवार पेठेत माझं घर आहे आणि एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं कारकून आहे. अधिकारी व्हायचं तर पदवी हवी असा नियम आमच्याकडे आला, तेव्हा मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. माहिती तंत्रज्ञान आणि व्यवसाय व्यवस्थापन अशी ती जोड-पदवी होती. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी मुलं उठून उभी राहिली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण ती इतक्या आदराने उभी होती की माझ्या तोंडून "बसा, बसा" निघून गेलं. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि उरलेला तास मान वर केली नाही.

व्यवस्थापनाचे विषय जमले. संगणकाचेही मुलांच्या मदतीने ओढूनताणून निघाले. अडलो तो डेटाबेसला. साठवायची माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत कशी विभागायची आणि त्या तक्त्यांचे एकमेकांशी संबंध कसे जोडायचे, एवढाच त्याचा गाभा, पण माझ्या डोक्यात सगळे तक्ते एकात एक जाऊन बसायचे. दोनदा नापास झालो. तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली असती तर सगळी पदवीच गेली असती आणि मी कारकून म्हणूनच निवृत्त झालो असतो.

पहिल्या वेळी मी फक्त अंबाबाईला साडीचा नवस बोललो होतो. नापास झाल्यावर मला व्यवस्थापनाच्या सरांचं सांगणं आठवलं, की माल पुरवणारा कधी एकच ठेवू नये. म्हणून दुसऱ्या वेळी अंबाबाईबरोबर जोतिबालाही बोललो आणि नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्तगुरूंनाही. तरीही नापास. माझ्या मनात फार वाईट विचार आला, तो इथे लिहायलाही संकोच वाटतो. वाटलं, आमच्या ऑफिसात होतं तसंच झालं असावं. तिघेही धरून चालले असावेत की याचं काम दुसऱ्याने केलंय.

त्यातच कुणाला काय बोललो होतो ते मी विसरलो. अभिषेक वाडीला की जोतिबाला? मटण सोडलं ते नक्की कुणासाठी? मटण मात्र सुटलं होतं, आणि माझ्या एकट्याचं नाही. दोन स्वयंपाक करायला बायकोने साफ नकार दिला होता, त्यामुळे घरात वर्षभर तांबडा रस्सा नाही की पांढरा नाही. ती म्हणाली, "मार्क तुमचं कमी पडत्यात आणि रस्सा आमचा बंद. ह्यो कुठला न्याय म्हणायचा?" त्यात एका जत्रेत मी मटणाच्या फोडी बाजूला सारून नुसता पांढरा रस्सा वाटीभर प्यालो होतो. दुसऱ्यांदा नापास होण्याचं कारण मी मनातल्या मनात त्या वाटीतच शोधत होतो.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी रविवार होता. सकाळपासून पुस्तक उघडून बसलो, पण डोळ्यांसमोर तक्ते नाहीत, तीन देव दिसत होते. शेवटी बायकोनेच सांगितलं की जोतिबाच्या डोंगरावर जाऊन काय ती माफी मागून या, नाहीतर उद्या पेपरात नवसच लिहून याल. पुस्तक पिशवीत टाकलं आणि बस धरली.

रांग मोठी होती. मी पुस्तक काढून उभ्याउभ्या वाचू लागलो. एवढ्यात मागून कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. साठी उलटलेली, कपाळावर गुलाल फासलेली एक बाई होती आणि तिच्या हातात नारळांनी भरलेली पिशवी. "पावणं, जरा धरा की ही पिशवी. खांदा निखळाय आलाय." मी धरली. ती मुरगूडहून आली होती. पिशवी हलकी झाल्यावर तिला बोलायला बळ आलं. कसलं पुस्तक, कोण शिकतंय, पोरगं का पोरगी, सगळं विचारलं. मीच शिकतोय म्हटल्यावर तिने मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "असू दे. आमचा दीर ह्या वयात लगीन करायला निघालाय. त्यापरीस हे बरं."

मग ती स्वतःच्या अडचणीवर आली. घरातल्या सगळ्यांचे नवस फेडायचं काम तिच्यावर पडलं होतं. नारळ नाव घेऊन द्यायचा, आणि कुणाचा कशासाठी हे तिच्या डोक्यातून पार गेलं होतं. थोरल्या जावेचा मुलगा संदीप, त्याचं लग्न ठरलं. धाकट्या जावेचा मुलगाही संदीपच, त्याला नोकरी लागली. सुनेचे दोन नारळ, एक जोतिबाला आणि एक पलीकडे यमाईला. म्हशीचाही एक होता. ती सांगायची, अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. आधी सगळं एकाच रकान्यात लिहिलं, तर सूनबाई दोनदा आली आणि संदीप कोणता ते कळेना. खोडलं. मग एका चौकटीत फक्त माणसं लिहिली, दोन्ही संदीपना वेगळे आकडे दिले. दुसऱ्या चौकटीत देव. आणि मधल्या तिसऱ्या चौकटीत नवस, म्हणजे कोणत्या माणसाचा, कोणत्या देवाला, कशाबद्दल. तिचा सगळा गोतावळा त्या चौकटींत नीट बसला. म्हैससुद्धा.

माझ्या हातातलं पेन थांबलं. दोन वर्षं मी जे पाठ करत होतो ते हेच होतं. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिली की घोळ होतो, तिला तिची एकच जागा द्यावी. आणि मी काय केलं होतं? एकच मागणं तीन दारांत नेऊन टाकलं होतं आणि एकाही दारात विश्वासाने ठेवलं नव्हतं. रांगेत चांगभलंचा गजर चालू होता आणि मी शरमेने पाणी पाणी झालो होतो.

उंबऱ्याजवळ आलो तेव्हा मी पान वाचून दाखवलं आणि विचारलं, "मावशी, ह्यात तुमचा नारळ कुठला?"

"माझा कशाला? मी न्हाय काय मागितलं."

पुढे सगळी घाई झाली. मी नाव सांगायचो, ती नारळ पुढे करायची. "हा थोरल्या संदीपचा, हा धाकट्या संदीपचा." जोतिबाचा शेवटचा नारळ देऊन झाला आणि गर्दीने आम्हा दोघांना बाहेर ढकललं. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी माफीही मागितली नव्हती आणि मार्कही. मी पुन्हा रांगेकडे वळलो तर तिने बाही धरून ओढलं.

"आता कुठं?"

"माझं सांगायचं राहिलं."

"त्यानं बघितलं की तुम्हाला. अजून यमाईचा नारळ हाय, चला."

यमाईचं झालं, बस आली, ती गर्दीतून आत चढली. मी खिडकीतून तिची रिकामी पिशवी आत दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात रुग्णालयाचे तक्ते करायला आले. रुग्ण, डॉक्टर आणि त्यांच्या भेटी. मी डॉक्टरांच्या जागी देव धरले आणि लिहीत सुटलो. नमुन्यादाखल रुग्णांची नावं द्यायची होती, तिथे पहिले दोन्ही संदीपच आले. उत्तम मार्क पडले असं नाही, पण पास झालो. हे कसं घडलं ते मी कुणाला पटवायला जात नाही.

निकालानंतर तिन्ही ठिकाणी जाऊन आलो, आठवत होतं ते फेडलं, नव्हतं त्याची क्षमा मागितली. जोतिबाला एक नारळ जास्तीचा नेला होता. गुरवांनी विचारलं, कुणाच्या नावानं? रांगेतल्या त्या मावशीच्या घरातल्या सगळ्यांची नावं, अगदी म्हशीचंही, मला तोंडपाठ होती. मावशीचं स्वतःचं नाव मात्र मी विचारलंच नव्हतं. म्हणालो, मुरगूडच्या मावशींच्या नावानं.

"मुरगूडच्या मावश्या लई येत्यात," गुरव म्हणाले. "देवानं कुठली धरायची?"

मी नारळ तसाच पुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि देवापुढे ठेवला. त्या दिवशी मला मागायचं काही नव्हतं, आणि प्रथमच हात जोडताना भीती वाटली नाही. मागे लोक खोळंबले होते. मी बाजूला झालो.