पहिलीच वेळ आहे, साहेब!

कल्याण कोर्टात वकिली सुरू केली तेव्हा वाटलेलं, मर्डर-बिर्डरच्या केसेस मिळतील. मिळाले ते दुकानात पकडले गेलेले सभ्य लोक! माझे सीनियर कांबळे सर अशा छोट्या चोऱ्यांच्या केसेस घेतात. फाइल बंद होते, किस्सा मात्र केबिनमध्येच मुक्कामाला राहतो. चहा आला की निघतो एकेक. नावं अर्थातच बदललीत. मला अजून प्रॅक्टिस करायचीय!

*

प्रत्येक जण आल्या आल्या हेच म्हणतो, "चुकून पिशवीत गेलं हो."

विठ्ठलवाडीचे एक काकाही तेच म्हणाले. सरांनी विचारलं, "काय गेलं?"

"कुकर."

"शिट्टीसकट?"

"नाही, शिट्टी खिशात होती."

*

ठाण्याच्या एक मॅडम, मोठ्या कंपनीत एचआर. पर्समध्ये महागडी क्रीम सापडली, गुन्हा दाखल झाला. "सर, कंपनीच्या व्हेरिफिकेशनमध्ये हे दिसेल?"

"दिसेल. रिपोर्ट कुणाकडे जातो?"

"माझ्याकडेच."

"मग असं कुणाचं निघालं तर तुम्ही काय करता?"

"त्याच दिवशी घरी पाठवते!" मॅडम सवयीने बोलून गेल्या. मग एकदम रडायलाच लागल्या. "सर, मी फार स्ट्रिक्ट आहे हो!"

*

डोंबिवलीचा रोहन, कॉलेजातला पोरगा. दुकानातून डिओची बाटली उचललेली. दुकानदार भला माणूस, कोर्टाच्या परवानगीने केस मिटवायला तयार झाला. सरांनी रोहनच्या वडिलांना बजावलं, "आता शांत राहा. बोभाटा नको."

पुढच्या तारखेला बघते तर कोर्टाबाहेर अख्खी सोसायटी! सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, झाडून सगळे.

"साहेब, माझा मुलगा चोर नाही, हे सगळे सांगतील!"

"पण यांना कळलं कसं?"

"म्हणजे काय? मीच मीटिंग बोलावली ना!"

*

खडवलीच्या श्रद्धाची केसही अशीच मिटलेली. एक नेलपेंट, बस्स. पण नोकरीच्या फॉर्मवर रकाना होता, कधी गुन्हा दाखल झालाय का? घरचे म्हणाले, "नाही" लिही, कोण बघतंय!

सर म्हणाले, "अगं, झाल्या गोष्टीला लोक माफ करतीलही. पण खोटं लिहिलंस आणि नंतर सापडलं, तर लागलेली नोकरी जाईल."

तिने खरं लिहिलं. कंपनीचा मेल आला, "आपल्या प्रामाणिकपणाचं आम्हाला कौतुक वाटतं. पुढील वाटचालीस शुभेच्छा!"

असे तीन मेल आले. तिसरा मेल तिने सरांसमोर धरला. सरांनी तिच्यासाठी चहा मागवला.

चौथ्या कंपनीत नोकरी लागली. तिथेही खरंच लिहिलेलं. तो रकाना कुणी वाचलाच नव्हता!

*

आणि दिनेश. गोदामात सुपरवायझर. एका दुकानातून हेअर डायचं पाकीट खिशात घालून बाहेर पडताना धरला. अटक होताच कंपनीने सस्पेंड केलं, कोर्टात गुन्हा कबूल केल्यावर काढूनच टाकलं. वस्तू स्वस्तातली, परत केलेली, आणि गुन्हा पहिलाच, म्हणून जेल टळला. शिक्षा झाली समाजसेवेची. घराजवळच्याच बागेत झाडू मारायचा.

पहिल्या दिवशी तो तोंडाला रुमाल बांधून गेला. वाटलं, कुणी ओळखलं तर मेलोच. पण मॉर्निंग वॉकचे आजोबा थांबून म्हणाले, "शाब्बास! आजकाल कोण करतं असं?" बायका पाणी आणून द्यायला लागल्या. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. "आपल्या वॉर्डाचा खरा सेवक!"

आठवडाभरात वॉर्डातले एक इच्छुक उमेदवार गाडीतून उतरले. पांढरे कडक कपडे, मागे चार पोरं.

"कुठल्या पार्टीकडून उभा राहतोयस रे? सरळ सांग."

दिनेशने घाबरून रुमाल काढला. "साहेब, तसं काही नाही. मला चोरीच्या केसमध्ये शिक्षा झालीय."

साहेबांचा चेहराच उतरला. मागे वळून पोरांना म्हणाले, "बघा, म्हणजे तिकीट पक्कं झालंय याचं!"